ताईपणाची नोकरी

गेल्या वर्षीं फाल्गुनांत, धुळवडीच्या सकाळीं, आमच्या घरांत एक बातमी आली आणि आदल्या दिवशींच्या पुरणपोळीचा घास सर्वांच्या हातांत तसाच राहिला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी अमेरिकेच्या मध्यभागांतील एका सरकारी विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकत आहे. घरांतल्या सर्व भावंडांत ती वडील, म्हणून लहानपणापासून तिला सारीं मुलें 'ताई' म्हणतात, आणि त्यांचें ऐकून आम्ही मोठीं माणसेंही तेंच म्हणूं लागलों. त्या सकाळीं तिचा व्हिडिओ कॉल आला. हंसत हंसत ती म्हणाली, "अण्णा, मला नोकरी लागली. मी आर. ए. झालें!"

आर. ए. म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. विद्यापीठाच्या वसतिगृहांत एकेका मजल्यावर विद्यार्थ्यांपैकींच एक थोडा वडील विद्यार्थी नेमतात. त्यानें त्याच मजल्यावर राहावयाचें, स्वतःचा अभ्यास सांभाळावयाचा आणि तेथील तीस-चाळीस नव्या मुलांवर लक्ष ठेवावयाचें, असें या जागेचें स्वरूप आहे.

आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं कानावर हात धरून सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे मॉनिटरच कीं नाहीं ग?" भावजय म्हणाली, "शिकायला पाठविली आहे तुला. चाळीस परक्या पोरींचीं दुखणीं काढायला नव्हे." बंधूंनीं कांहींच म्हटलें नाहीं. ताईच्या शिक्षणासाठीं त्यांनीं बँकेचें कर्ज काढिलें आहे. ते वर्तमानपत्राच्या कडेवर आंकडे मांडीत बसले. आणि मी? मातोश्रींच्या तोंडून 'मॉनिटर' हा शब्द ऐकतांच मी उठून पडवींत गेलों. त्याचें कारण त्या वेळीं घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. तें पुढें यथाक्रम येईल.

पुढील चार-सहा दिवसांत मीं ताईकडून या नोकरीची समग्र माहिती विचारून घेतली. ती येथें देतों, कारण आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें आतां त्या देशांत शिकावयास जातात, आणि आज ना उद्यां हा शब्द त्यांच्याही घरीं ऐकूं येईल.

ही जागा बहुधा दुसऱ्या वर्षापासून पुढच्या विद्यार्थ्यांस मिळते. हिवाळ्यांत अर्ज करावयाचा, त्यांत निबंधवजा उत्तरें लिहावयाचीं, शिफारसी जोडावयाच्या, मग मुलाखती. ताईच्या विद्यापीठांत आठ उमेदवारांस एका टेबलाभोंवतीं बसवून एकच काम दिलें आणि परीक्षक भिंतीशीं उभे राहिले. सर्वांत चांगलें कोण बोलतें हें ते पाहत असतील, अशी ताईची समजूत होती. पुढें तिला कळलें कीं, जो गप्प बसला आहे त्यास बोलतें कोण करतो, इकडे त्यांचें ध्यान होतें. परीक्षेंतील गुण ठराविक मर्यादेखालीं गेले तर जागा जाते. मोबदला विद्यापीठागणिक निराळा: कोठें खोली व जेवण दोन्हीही फुकट, कोठें नुसती खोली, कोठें त्यावर थोडें वेतन. ताईस खोली आणि जेवण मिळावयाचें होतें. परदेशी विद्यार्थ्यांस तेथें सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करतां येतें. तिच्या येथें हें काम त्याच तासांत धरीत असल्यामुळें ग्रंथालयांतली तिची जुनी नोकरी तिला सोडावी लागली.

कामें म्हणाल तर पुष्कळ आहेत. नव्या मुली येण्यापूर्वीं प्रत्येकीच्या दारावर तिच्या नांवाची रंगीत पाटी करून लावावयाची. एका खोलींत राहणाऱ्या दोघींकडून, दिवा किती वाजतां मालवावा, पाहुणे केव्हां यावे, एकीची वस्तु दुसरीनें घ्यावी कीं न घ्यावी, याचा लेखी करार करवून घ्यावयाचा. ड्यूटी असेल त्या रात्रीं सर्व मजल्यांवरून फेऱ्या घालावयाच्या आणि काय पाहिलें तें नोंदवावयाचें. किल्ली आंत विसरून बाहेर अडकलेलीस रात्रीं दोन वाजतां दार उघडून द्यावयाचें. आगीची घंटा झाली कीं सर्वांस खालीं न्यावयाचें, मग बाहेर बर्फ पडत असो. हीं झालीं लिहून दिलेलीं कामें. खरें काम कागदावर मावत नाहीं, असें ताई म्हणते, आणि तें मला पटतें.

मी संस्कृताचा विद्यार्थी. मॅट्रिकपुढें माझी इंग्रजी विद्या गेली नाहीं. म्हणून कोणतीही नवी गोष्ट दिसली कीं आपल्या जुन्या शब्दांत तिला जागा आहे कीं काय, हें पाहण्याची मला खोड आहे. आपल्याकडे शिष्यास 'अंतेवासी' म्हणत; म्हणजे जवळ राहणारा. एका गुरूपाशीं राहणाऱ्यांस पाणिनीनें 'सतीर्थ्य' हा शब्द साधून दिला आहे. दोन्ही शब्दांत शिकण्याइतकाच राहण्यावर भर आहे. विद्या ही राहण्यांतून येते, हें आपल्या पूर्वजांस मान्य होतें. परंतु सतीर्थ्यांत जो वडील, त्याचें धाकट्याशीं नातें काय, यास निराळा शब्द मला सांपडला नाहीं. घरांत त्यास आपण दादा किंवा ताई म्हणतों. गुरुगृहीं तो बहुधा नुसता पुढें बसत असावा.

अमेरिकेंतही ही जागा एकाएकीं उत्पन्न झालेली नाहीं. १६३६ सालीं स्थापन झालेलें हार्वर्ड इंग्लंडांतील जुन्या विद्यालयांच्या वळणावर गेलें. तेथें शिकविणारे तरुण ट्यूटर विद्यार्थ्यांबरोबरच राहत आणि त्यांच्यावर नजर ठेवीत. कॉलेज हें आईबापांच्या जागीं आहे, असें त्या देशांतील न्यायालयेंही दीर्घकाळ मानीत आलीं. पुढें १९६० सालीं अलाबामा राज्यांत माँटगोमरी येथें कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं, फक्त गोऱ्यांस वाढणाऱ्या कचेरीच्या उपाहारगृहांत जाऊन मागणी केली, आणि त्यांच्या सरकारी कॉलेजानें त्यांपैकीं कांहींस एक शब्दही बोलूं न देतां काढून टाकिलें. १९६१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, सरकारी कॉलेजास असें करतां यावयाचें नाहीं; आरोप कळविला पाहिजे, म्हणणें ऐकलें पाहिजे. १९७१ सालीं मताधिकाराचें वय १८ झालें. १९७४ सालच्या कायद्यानें कॉलेजांतील विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवरील हक्क आईबापांकडून त्याच्याकडे गेला; त्याच्या संमतीवांचून सामान्यतः त्याचे गुणही आईबापांस दाखवीत नाहींत. हें ऐकून आमच्या भावजयीस धक्का बसला होता.

अशा रीतीनें कॉलेजांतली बापाची खुर्ची रिकामी झाली. परंतु अठरा वर्षांचें पोर घरच्या आठवणीनें रात्रीं रडावयाचें कांहीं थांबलें नाहीं. आर. ए. पूर्वींही असत, पण त्यांचें काम शिस्तीपेक्षां आधाराकडे झुकत गेलें तें या पुढच्या काळांत. बापाच्या रिकाम्या खुर्चीशेजारीं वडील भावंड येऊन बसलें, असें मी समजतों.

येथें एक शंका माझ्या मनांत आली आणि ती मीं ताईस विचारली. वडील बहिणीनें बहीणपणाचे पैसे घ्यावे काय? त्यावर तिनें मला माझ्याच वडिलांची आठवण दिली. आमचे तीर्थरूप पुण्यास वार लावून जेवले आणि शिकले. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. एका घरीं ताटावर बसतांना धुण्याची बादली दाखवीत, दुसऱ्या घरीं यजमानीणबाई तूप वाढावयाच्या वेळींच नेमक्या आंत जात. हें सर्व ताईनें आजीच्या तोंडून ऐकलेलें आहे. ती म्हणाली, "अण्णा, आजोबा सात घरीं उपकाराचें जेवले. मी एका घरीं कामाचें जेवतें. यांत कमीपणा कोणता?" तिनेंच सांगितलें कीं, अॅमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील आर. ए. मंडळींनीं २००२ सालीं मतदान करून आपली कामगार संघटना केली आणि कामाच्या अटी लिहून घेतल्या. "प्रेमानें केलेल्या कामाचे तास मोजूं नयेत, असें म्हणणारे बहुधा तें काम करून घेणारेच असतात," असेंही ती म्हणाली. आयुष्यभर घरच्या बायकांच्या हातचें आयतें जेवलेल्या मजसारख्यास यावर बोलण्याजोगें कांहीं नव्हतें.

श्रावणांत, सत्र उघडण्याच्या दोन आठवडे आधीं, तिचें शिक्षण सुरू झालें. त्यांतील एक प्रकार मला फार मार्मिक वाटला. त्यास तेथें 'बंद दाराआड' अशा अर्थाचें नांव आहे. जुने आर. ए. एकेका खोलींत सोंग घेऊन बसतात: एक दारू पिऊन पडलेला, दोघी कडाडून भांडणाऱ्या, एक आईच्या मृत्यूची बातमी ऐकून बसलेली. नव्यानें दारावर टकटक करून आंत जावयाचें आणि पुढें जें दिसेल त्यास तोंड द्यावयाचें. मग सर्वांनीं बसून काय चुकलें तें बोलावयाचें. ताई पहिल्याच खोलींत चुकली. रडणाऱ्या मुलीचें सोंग घेतलेली म्हणाली, "कोणास सांगणार नाहींस ना?" आणि ताईनें आपल्या घरच्या वळणाप्रमाणें तिचा हात धरून सांगितलें, "नाहीं ग, शपथ." तेथेंच शिक्षकानें थांबविलें. "जें वचन पाळतां येणार नाहीं तें देऊं नकोस. आधीं सांग, मग ऐक." जिवाचा धोका, अत्याचार, असल्या गोष्टी कळल्या तर आर. ए. नें वरिष्ठांस सांगितलेंच पाहिजे असा नियम आहे. म्हणून समोरच्यानें तोंड उघडण्यापूर्वींच हा नियम त्याच्या कानावर घातला पाहिजे. ही गोष्ट ताईनें मला फोनवर सहज सांगितली. मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

गणेशचतुर्थीस एक गंमत झाली. वसतिगृहाच्या खोलींत निरांजन, मेणबत्ती, उदबत्ती सर्व वर्ज्य. छतास धुराची चाहूल घेणारें यंत्र असतें. मातोश्रींनीं विचारलें, "मग आरती कशाची केलीस?" ताईनें बॅटरीवर लुकलुकणारी पणती दाखविली. "एकटीच असतीस तर एक उदबत्ती लावली असतीस, देवानें तक्रार केली नसती," असें आजी म्हणाली. ताई म्हणाली, "आजी, परवांच एका मुलीची मेणबत्ती मीं नियमाप्रमाणें नोंदविली. माझ्या खोलींतून धूर निघाला तर उद्यां तिच्या दारावर मी कोणत्या तोंडानें टकटक करूं?" मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरें केलेंस." भावजयीचा विरोध मावळला तो त्या दिवशीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. ताईनें मला तींतील मुलीचें नांव, गांव, देश कांहींही सांगितलें नाहीं, आणि जें थोडें येथें लिहीत आहें तें ताईस विचारून, ओळख पटूं नये इतपत बदलून लिहीत आहें.

आश्विनांत एके दिवशीं दुपारीं दोनच्या सुमारास फोन आला. तेथें पहाटेचे साडेतीन वाजले असले पाहिजेत. ताईचा आवाज ओळखूं येत नव्हता. तिच्या मजल्यावरील एक मुलगी कित्येक दिवस वर्गास जात नव्हती, जेवावयास खालीं उतरत नव्हती. ताई दोनदां दारावरून परत आली होती. त्या रात्रीं तिसऱ्यांदा टकटक केली तेव्हां दार उघडलें. मुलगी म्हणाली, "कोणास सांगणार नसशील तरच सांगतें." ताईनें उत्तर दिलें, "तें वचन मला देतां येत नाहीं. तुझ्या जिवास धोका आहे असें वाटलें तर मला सांगावें लागेल. पण कोणास सांगणार तें तुला आधीं सांगेन आणि तुझ्यासमोरच सांगेन. हें ऐकूनही बोलावेंसें वाटलें तर मी सकाळपर्यंत येथें बसतें." बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग ती मुलगी बोलली. जगावेंसें वाटत नाहीं, असें ती बोलली.

ताईनें तिच्यासमोरच वसतिगृहाच्या अधिकाऱ्यास फोन केला. अमेरिकेंत २०२२ सालापासून ९८८ हा तीन आंकडी क्रमांक अशाच प्रसंगासाठीं ठेविलेला आहे. तेथील समुपदेशकाशीं तिला बोलावयास लाविलें. अधिकारी आल्या, तिला रुग्णालयांत न्यावयाचें ठरलें. ताई तिचा कोट घेऊन मोटारीपर्यंत गेली. दार लागतां लागतां ती मुलगी म्हणाली, "तूं माझी मैत्रीण नाहींस. तूं त्यांची माणूस आहेस."

"अण्णा," ताईनें मला विचारलें, "खरेंच का हो मी तशी आहें?"

ज्या प्रश्नास मी चाळीस वर्षें टाळीत आलों होतों तोच माझ्यापुढें येऊन उभा राहिला होता. त्याचें उत्तर देण्यास मीं जी हकीकत तिला सांगितली, ती तोंवर कोणास, घरच्या माणसांसही, सांगितली नव्हती.

१९८३ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं नवा शिक्षक होतों. वय पंचवीस, शाळेच्या वसतिगृहाचा गृहपति म्हणून मजकडेच काम आलें. साठ मुलें होतीं. त्यांस आंवरण्यासाठीं मीं दहावीच्या एका हुशार, सरळ मुलास मॉनिटर नेमलें. मॉनिटरची पद्धति मूळ आपल्याच देशांतली आहे, हें मी अभिमानानें सांगत असें. १७८९ सालीं मद्रास येथें सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख असतां अँड्र्यू बेल यानें देशी शाळेंतील मुलें वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहिलीं, ती रीत उचलली आणि वडील मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धति बसविली. १७९७ सालीं त्यानें इंग्लंडांत तीवर पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या पंतोजींच्या ओसरीवर वडील मुलगा धाकट्याचा हात धरून धूळपाटीवर गिरवावयास शिकवीत असे, हेंच तें. मीं मात्र माझ्या मॉनिटरास हात धरावयास शिकविलें नाहीं. रोज रात्रीं प्रार्थनेनंतर माझ्या खोलीवर येऊन दिवसभराचें सर्व सांगावें, अशी मीं त्यास आज्ञा केली.

आठवीत मुंबईहून आलेला एक मुलगा होता. त्याचा बाप गिरणींत होता. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांतील चुली विझत चालल्या, हें मी वर्तमानपत्रांत वाचीत होतों; परंतु त्यांतली एक चूल माझ्याच वसतिगृहांतील एका ताटाशीं जोडलेली आहे, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. मुलाच्या खाणावळीचे पैसे मागें-पुढें येत, पण येत. एके रात्रीं मॉनिटरनें सांगितलें कीं, हा मुलगा रोज रात्रीं भिंतीवरून उडी मारून बाहेर जातो. मीं कारण विचारलें. मॉनिटर गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं मीं त्या मुलास साठ मुलांपुढें उभें केलें आणि छड्या मारल्या. तो कांहीं बोलेना. तेव्हां मीं मॉनिटरास पुढें बोलाविलें आणि शाळेची शपथ घालून विचारलें. रडत रडत त्यानें सांगितलें: मुलगा एस. टी. स्टँडवरील हॉटेलांत रात्रीं कपबशा विसळावयास जातो आणि त्या पैशांनीं खाणावळीचें देणें देतो. त्यानें हें फक्त मॉनिटरास, कोणास न सांगण्याच्या बोलीवर, सांगितलें होतें.

तिसऱ्या दिवशीं तो मुलगा वसतिगृह सोडून गेला. पुन्हां आला नाहीं. मीं मुंबईच्या पत्त्यावर दोन पत्रें पाठविलीं. दोन्ही परत आलीं. आणि मॉनिटर? वर्ष संपेपर्यंत एकही मुलगा त्याच्याजवळ जेवावयास बसला नाहीं. तो पंगतीच्या टोकास एकटा बसे. तें मी रोज पाहत असें, आणि शिस्त सुधारली म्हणून वरिष्ठांची शाबासकीही घेत असें.

हें सांगून झाल्यावर मी ताईस म्हणालों, "तूंही वर सांगितलेंस, त्यानेंही सांगितलें, म्हणून दोन्ही गोष्टी एक वाटतात. पण तूं तिला आधीं सांगितलेंस, आणि बोलावें कीं नाहीं हें तिच्या हातीं ठेविलेंस. माझ्या मॉनिटरास तसें सांगावयाची मीं मोकळीकच ठेविली नव्हती. तूं ज्यांस सांगितलेंस त्यांनीं तिचें दुखणें काय तें विचारलें. मीं गुन्हा काय तेवढाच विचारला. आणि तूं कोट घेऊन मोटारीपर्यंत गेलीस. ती आज रागावली आहे, तें सोसावें लागेल. वडीलपणांत तेंही येतें. पण मैत्रीण राहण्यासाठीं गप्प बसली असतीस तर ती रागवावयास तरी उरली असती कीं नाहीं, कोण जाणे."

ताई बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "अण्णा, त्या मॉनिटरला तुम्हीं कधीं हें म्हणालांत?"

म्हणालों नव्हतों. गेलेल्या मुलाचा शोध लागण्याची आशा नव्हती, म्हणून मी स्वतःस क्षमा केली नव्हती. पण जो सांपडण्याजोगा होता त्यास शोधण्याचा यत्नही मीं केला नव्हता. दिवाळीपूर्वीं दोन जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा पत्ता मिळविला. तोही आतां साठीच्या उंबरठ्यावर आहे. मीं पत्रांत एवढेंच लिहिलें कीं, त्या दिवशीं अपराध माझा होता, तुझा नव्हता; तुला माझा कान करण्याऐवजीं मुलांचा दादा करावयास पाहिजे होतें, तें मला कळलें नाहीं. पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. "सर," तो म्हणाला, "मला तें आठवत नाहीं असें म्हटलें तर खोटें होईल. मुलगा दहावीला असतांना कोणाचें कांहीं सांगूं लागला कीं मी उठून जात असें. बायको म्हणे, असा काय बाप. आज तिला तुमचें पत्र वाचावयास दिलें." याहून अधिक तो बोलला नाहीं, आणि मीं विचारलेंही नाहीं. क्षमा केली असें त्यानें म्हटलें नाहीं. तशी अपेक्षा ठेवण्याचा मला अधिकारही नाहीं.

ती मुलगी एक सत्र घरीं राहून परत आली, पण दुसऱ्या इमारतींत राहावयास गेली. रस्त्यांत भेटली तर ताईस ओळख दाखविते; थांबत नाहीं. ताई म्हणते, "चालते आहे ना, तेवढें पुरे."

यंदां माघांत ताईनें पुढच्या वर्षासाठीं पुन्हां अर्ज केला. या खेपेस घरांत कोणी हरकत घेतली नाहीं. भावजयीनें एवढेंच बजावलें कीं, रात्रीं फेऱ्या घालतांना कान बांधून जात जा. बंधूंच्या कर्जाचा हप्ता थोडा हलका झाला आहे, हेंही खरें. तें सांगण्यांत मला संकोच वाटत नाहीं. आणि मातोश्रींस कोणी विचारलें कीं नात तिकडे काय करते, तर पूर्वीं त्या 'मॉनिटर आहे' असें सांगत. परवां शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांस त्या म्हणाल्या, "शिकते, आणि तिथल्या मुलींची ताई आहे."

मी पडवींतच बसलों होतों. या वेळीं उठून गेलों नाहीं.